देवघरातली पोथी, संग्रहातली पोथी

बीड जिल्ह्यातल्या जुन्या ग्रंथांचे ढोबळमानाने तीन साठे आहेत. पहिला हस्तलिखित पोथ्यांचा. मठ, देवघरे, कीर्तनकार-पुराणिकांची घराणी यांनी तो पिढ्यानपिढ्या सांभाळला. दुसरा मोडी आणि उर्दू दफ्तरांचा. देशमुख-देशपांडे, काझी, पटवारी यांच्या वाड्यांत तो रुमालात बांधलेला सापडतो. तिसरा छापील पुस्तकांचा. त्यात शिळाछापाच्या पोथ्या आहेत, मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतले ग्रंथ आहेत आणि निजामी अमदानीतली क्रमिक पुस्तकेही आहेत.

या साठ्यांचे काय करावे, याबद्दल दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, ग्रंथ जिथे आहे तिथेच राहू द्यावा. ज्यांनी टिकवला त्यांच्याच हाती तो सुरक्षित आहे. दुसरे म्हणते, तो बाहेर यावा, त्याची नोंद व्हावी, तो छापला जावा आणि जमल्यास संस्थेत जावा. पुढच्या संवादातला वारस पहिले मत मांडतो, संग्राहक दुसरे. वारस म्हणजे कोणते एक घराणे नव्हे आणि संग्राहक म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हे. पोथी असलेल्या घराच्या ओसरीवर असा वाद कुठेही होऊ शकतो. तो बीड जिल्ह्यात मांडण्याचे कारण असे की दोन्ही बाजूंचे सर्वांत बळकट दाखले याच जिल्ह्यात आहेत.

वारसाचा दाखला अंबाजोगाईचा. दासोपंत (१५५१–१६१५) मूळचे बिदरच्या बरीदशाहीतल्या नारायणपेठेचे. दत्तभक्तीत घर सोडून ते अंबाजोगाईत स्थिरावले आणि तिथेच त्यांनी प्रचंड लेखन केले. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाखाच्या घरात सांगतात, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, यावरून आवाका लक्षात यावा. ‘पंचीकरण’ हा वेदान्तपर ग्रंथ मात्र त्यांनी कागदावर लिहिला नाही. जाड कापडाच्या पासोडीवर लिहिला. ही पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असून ती आजही अंबाजोगाईत, दासोपंतांच्या वंशजांच्या देवघरात आहे.

वारस : चारशे वर्षे झाली या कापडाला. तेवढ्यात या मुलखावर किती राज्ये आली आणि गेली. गावाचे नाव मोमिनाबाद झाले, पुन्हा अंबाजोगाई झाले. पासोडी जागची हलली नाही. आता तुमच्या संस्थांचे वय सांगा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ ची, धुळ्याचे राजवाडे मंडळ १९२७ चे. यातल्या कोणीही चारशे वर्षे काही सांभाळून दाखवलेले नाही, आणि घराने सांभाळायला शिकावे हे आम्हाला तुम्ही सांगता.

संग्राहक : जे टिकले ते तुम्ही मोजता. जे टिकले नाही ते मोजणार कोण? एका पासोडीमागे किती बाडे पावसात भिजली, किती वाटणीत दोन भावांकडे अर्धी-अर्धी गेली, किती नदीत सोडली, याचा हिशोब कुठल्याच देवघरात नाही. आणि पासोडी टिकली म्हणून ती वाचली गेली असे होत नाही. न. शे. पोहनेरकरांनी तिची संहिता संपादून छापली, तेव्हा दासोपंतांचे हे पंचीकरण अंबाजोगाईबाहेरच्या वाचकाला घरबसल्या वाचता आले.

वारस : छापले ते बरेच झाले. पण त्यासाठी पासोडी न्यावी लागली नाही.

इथे दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. वारस वस्तूबद्दल बोलतो, संग्राहक संहितेबद्दल. जुन्या ग्रंथांच्या बहुतेक वादांचे मूळ या गल्लतीत असते. वस्तू एकच असते. ती झिजते आणि हरवली की गेली. संहितेच्या नकला होऊ शकतात, आणि जितक्या नकला तितकी ती टिकाऊ. पासोडी पूर्ण पसरली तर १६० चौरस फूट होते, म्हणजे दहा बाय सोळाची खोली भरते. ती घडी घालूनच ठेवावी लागते, आणि कापड घडीवर झिजते. घडीत आलेली ओळ सर्वांत आधी पुसट होते. मधली एखादी ओवी ताडून पाहायची म्हटली तरी अर्धे कापड उलगडावे लागते. पोथीचे पान उलटावे तसे इथे चालत नाही. त्यामुळे छापील आवृत्तीने वाचकाची सोय केलीच, पण कापडाचेही आयुष्य वाढवले. वाचणाऱ्याला पुस्तक मिळाले की उलगडण्याचे निमित्त कमी होते. संहिता बाहेर गेल्यामुळे वस्तू घरात सुखाने राहू शकते, हे वारसाला सहसा सुचत नाही. संग्राहकालाही ते सांगावेसे वाटत नाही, कारण त्याचा डोळा वस्तूवर असतो.

संग्राहकाचा दाखला बीड शहरातला, पण त्याची दुसरी बाजू त्याच्याच अंगावर येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे दफ्तरे आणि पोथ्या धुंडाळत गावोगाव हिंडत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. या भटकंतीत ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी बीडमधल्या पाटांगण या जागेतून त्यांच्या हाती आली. तिचे महत्त्व कळायला एक जुनी गोष्ट माहीत हवी. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढच्या बहुतेक नकला त्या प्रतीच्या वळणावर गेल्या. एकनाथांच्या आधीचा पाठ सांगणारी पोथी म्हणून दुर्मीळ. पाटांगणाची पोथी तशी आहे असे राजवाड्यांचे ठाम मत झाले. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. महाराष्ट्र शासनाने पुढे ज्ञानेश्वरी काढली, तेव्हा राजवाडे संहिताच आधाराला घेतली.

संग्राहक : बीडच्या एका जागी गुंडाळून ठेवलेल्या पोथीमुळे मराठीच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा पाठ बदलला. ती तिथेच राहिली असती तर?

वारस : तर ती आज दाखवता आली असती. तुम्ही सांगा, ती पोथी आता कुठे आहे?

मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. तिच्या शेवटाविषयी आख्यायिका सांगतात आणि त्यांत राजवाड्यांच्या तापट स्वभावाचा उल्लेख असतो. आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी परिणाम उरतोच. ही पोथी खरोखर एकनाथपूर्व आहे काय, तिच्यातली जुनी रूपे मूळचीच आहेत की नकलकाराने जुनेपणाच्या हौसेने घातली आहेत, असे प्रश्न नंतरच्या विद्वानांनी विचारले. त्यांचे उत्तर छापील पुस्तकातून निघत नाही. त्यासाठी कागदाचा पोत लागतो, शाईची जात लागते, अक्षराचे वळण लागते. समासातल्या दुरुस्त्या एका हाताच्या की दोन हातांच्या, तेही पाहावे लागते. छापखान्याचा खिळा हे सगळे गाळून फक्त अक्षर पुढे पाठवतो. म्हणजे वारस श्रद्धेने जे बोलतो, पोथी हलवू नका, तेच शास्त्राच्या बाजूनेही बळकट ठरते.

संग्राहक मात्र इथे हार मानत नाही.

संग्राहक : नाथांनी काय केले ते तरी पाहा. पैठण म्हणजे गोदावरीच्या पलीकडच्या काठाला, तुमच्या गेवराईच्या शेजारचेच गाव. ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले आहेत हे त्यांनी ओळखले, प्रती ताडल्या आणि शुद्ध पाठ ठरवला. देवघरात ठेवून नुसती पूजा केली असती तर अशुद्ध पाठच पुजला गेला असता. पहिले संशोधक आमचे नव्हेत, तुमचेच आहेत.

वारस : नाथांचा अधिकार आणि तुमचा एकच का?

संग्राहक : अधिकार नाही, पद्धत एक. आणि त्या पद्धतीला एकाहून अधिक पोथ्या लागतात. प्रत्येक घराने आपली झाकून ठेवली तर ताडायचे कशाशी?

वारसाला याचे उत्तर देता येत नाही, आणि खरे तर ते देण्यासारखे नाहीच. एकटी पोथी स्वतःच्या चुका सांगत नाही.

पोथी कोठे सापडली, या प्रश्नाला किती वजन असते ते मुकुंदराजांच्या बाबतीत दिसते. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतल्या आद्य ग्रंथांपैकी एक. त्याच्या काही पोथ्यांत शेवटी रचनेचा शक १११० दिलेला आहे, म्हणजे इ. स. ११८८. हा शक खरा मानला तर ग्रंथ ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) शंभर वर्षे आधीचा ठरतो. पण शकाची ओवी सगळ्या पोथ्यांत नाही. ग्रंथातली अंबानगरी कोणती, हाही वाद आहे. मराठवाड्याची परंपरा ती अंबाजोगाई मानते आणि गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी दाखवते. दुसऱ्या पक्षाचे अभ्यासक वैनगंगेकाठचे अंभोरे पुढे करतात आणि ग्रंथातला राजा जैत्रपाळ खेरळ्याचा मानतात. अशा वादात शकाची ओवी असलेल्या पोथ्या कोणत्या भागात सापडतात आणि नसलेल्या कोणत्या, यातून बरेच कळू शकले असते. नकलेची परंपरा कुठून कुठे गेली, ते पोथीच्या ठिकाणावरून कळते.

इथेच हौशी संग्राहकाचा मोठा दोष उघडा पडतो. तो पोथी घेतो आणि ठिकाण टाकून देतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात एखादी पोथी पोचते तोवर ती तीन हातांतून गेलेली असते. विकणाऱ्याला ती ‘मराठवाड्याकडची’ एवढेच माहीत असते, आणि कधी तेवढेही नसते. कोणत्या घरची, शेजारी कोणत्या पोथ्या होत्या, कोणत्या मठाशी त्या घराचा संबंध होता, हे सगळे पहिल्या व्यवहारातच गळते. पुष्पिकेत लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि शक असला तर थोडे भागते. पण पुष्पिका शेवटच्या पानावर असते, आणि सुट्या पोथीचे पहिले आणि शेवटचे पान सर्वांत आधी जाते.

वारस : म्हणूनच म्हणतो, ज्या कोनाड्यात आहे तिथे असू द्या.

संग्राहक : कोनाडा म्हणजे नोंद नव्हे. तुमच्या वाड्यात किती पोथ्या आहेत ते तुम्ही तरी सांगाल का? घरातली तरुण मंडळी पुण्याला, संभाजीनगरला. वाडा कुलूपबंद. उद्या वाडा पडला तर काय गेले, हेही कळणार नाही.

वारस : संस्थेत काय कमी जाते? ५ जानेवारी २००४ ला भांडारकरमध्ये काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. जमाव घुसला, कपाटे पाडली, ग्रंथांची नासधूस झाली. आमच्या देवघरावर असा जमाव कधी आला नाही.

संग्राहक : खरे आहे. पण तिथे सूची होती, म्हणून काय राहिले आणि काय गेले ते पाहता आले. तुमच्याकडे वाळवी येते तेव्हा पंचनामा कोण करतो?

दोघांचे हे बोलणे सडेतोड आहे, आणि दोन्ही खरे आहे. संस्थेत एका दिवशी पुष्कळ नुकसान होऊ शकते. घरात रोज थोडे होते, म्हणून ते दिसत नाही.

ते थोडे-थोडे नुकसान कसे होते, हे पाहायचे तर पोथी जवळून पाहावी लागते. मराठवाड्यातली जुनी कागदी पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांची चळत. वर-खाली लाकडी फळ्या, भोवती लाल कापड, वरून दोरी. कागद हाताने केलेला. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद शतकानुशतके होत आला. पानाच्या दोन्ही बाजूंना समासाच्या तांबड्या दुहेरी रेघा, मधे बोरूने लिहिलेले टपोरे अक्षर. शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. काजळाचा कार्बन उजेडाने विटत नाही, म्हणून तीनशे वर्षांचे अक्षर काल लिहिल्यासारखे काळेभोर दिसते. पाण्याचा थेंब मात्र ते धुऊन नेतो. काही शायांत हिराकस घातलेला असतो. तो कागद खातो, आणि पुढे अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. चूक झाली की नकलकार तिच्यावर पिवळा हरताळ लावून वर पुन्हा लिही. हरताळ म्हणजे सोमलाचे, अर्थात आर्सेनिकचे खनिज. कसर त्याला तोंड लावत नाही, म्हणून पुष्कळदा भोवतीचे पान चाळणी झालेले आणि दुरुस्तीची जागा शाबूत, असा विनोदी प्रकार दिसतो. अशी पोथी चाळताना बोट जिभेला लावू नये, हे सांगायलाच हवे; पुराणिकांची सवय नेमकी तीच.

घरच्या जतनाचे काही उपाय चांगले आहेत. कापडात घट्ट बांधल्याने धूळ आणि उजेड आत जात नाही. फळ्यांच्या दाबाने पान वाकत नाही. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळला पाला किडीला थोडाफार दूर ठेवतो. बीडची कोरडी हवा कोकणापेक्षा कागदाला कितीतरी मानवते. पण देवघर ही पूजेची जागा आहे. समईचे तेल, धुपाची काजळी, हळदकुंकवाचे बोट, अभिषेकाचे शिंतोडे हे सगळे कागदाचे शत्रू. पोथीच्या शेवटी नकलकार जी संस्कृत विनवणी लिहीत, तिच्यात तेल आणि पाणी यांपासून जपा असे स्पष्ट सांगितलेले असते. ज्या घरांनी पोथीची पूजा केली त्यांनी ही सूचना फारशी मनावर घेतली नाही. अलीकडे याहून वाईट दोन गोष्टी आल्या आहेत, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन. फाटके पान चिकटपट्टीने जोडले की काही वर्षांत पट्टी सुटते, डिंक पानात मुरतो आणि पिवळा पट्टा कायमचा राहतो. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले पान तर पुन्हा मोकळे करताच येत नाही. दोन्ही उपाय प्रेमापोटी केलेले असतात.

संस्थांनीही पोथ्यांना छळले आहे. अक्षरांवरच मारलेले शिक्के, गंजणाऱ्या टाचण्या, उन्हाकडे तोंड केलेली काचेची कपाटे ही संस्थांची देणगी. तरीही या बाबतीत संस्थेचे पारडे जड आहे. तिथे निदान चूक कळल्यावर ती सुधारण्याची रीत असते. घरात पिढी बदलली की रीतही बदलते, कधी चांगल्यासाठी, कधी वाईटासाठी.

वाचण्याचा अधिकार कोणाला, हा वेगळाच पेच आहे, आणि जिल्ह्यात त्याचे ठिकाण पांचाळेश्वर. गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेले हे महानुभावांचे तीर्थ. महानुभाव पंथाने मराठी गद्याला ‘लीळाचरित्र’ दिले आणि ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. सकळ लिपीत मूळ अक्षरांऐवजी ठरलेली दुसरी अक्षरे आणि चिन्हे येतात. कळ माहीत नसेल तर पान देवनागरीसारखे दिसूनही वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली. पंथाबाहेरच्या वाचकाला तेराव्या-चौदाव्या शतकांतले हे मराठी गद्य त्यानंतर दिसू लागले.

वारस : ज्यांनी मुद्दाम झाकून ठेवले, त्यांना न विचारता उघडणे बरे का?

संग्राहक : झाकून ठेवले म्हणून जगले हे खरे. पण मूळ लीळाचरित्र धाडीत गेले, तेव्हा झाकलेले असूनही गेले. पाठ असणाऱ्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करावे लागले आणि त्यातून पाठभेदांचे जंगल उगवले. एकाच जागी झाकण्याचा धोका तो हाच.

वारसाचा प्रश्न यामुळे सुटत नाही. ग्रंथाची भाषा साऱ्या मराठी माणसांची आणि त्याचे पावित्र्य पंथाचे, असे दोन हक्क एकाच पानावर बसले आहेत. वि. भि. कोलते यांनी संपादलेल्या लीळाचरित्रावरून झालेला वाद न्यायालयापर्यंत गेला, यावरून हा प्रश्न केवळ ओसरीवरचा नाही हे कळते.

छापील पुस्तकांकडे वळले की वादाचा सूर खाली येतो, कारण वारसाला त्यांचे विशेष काही वाटत नाही. मराठीतली छपाई १८०५ मध्ये बंगालात, सेरामपूरला सुरू झाली. मुंबईत शिळाछाप आल्यावर पोथ्याच छापल्या जाऊ लागल्या. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी संपादलेली ज्ञानेश्वरी अशीच शिळाछापावर निघाली. शिळाछापाची पोथी ओळखण्याची खूण सोपी. तीत एकच अक्षर दर वेळी किंचित वेगळे दिसते, कारण मजकूर हाताने लिहून दगडावर उतरवलेला असतो. खिळ्यांच्या छपाईत सगळे ‘क’ सारखे, आणि पानाच्या पाठीवर बोट फिरवले तर खिळ्याचा उठाव लागतो. ग्रामीण भागात पुष्कळ शिळाछाप पोथ्या हस्तलिखित समजून पुजल्या जातात आणि खरी हस्तलिखिते छापील समजून दुर्लक्षिली जातात.

या पुस्तकांचा मोठा शत्रू त्यांच्या कागदात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल राहते, आणि पान पिवळे पडून कुरकुरीत होते. म्हणून सतराव्या शतकातली हातकागदाची पोथी आज लवते, तर १९२० च्या सुमाराचे पुस्तक उघडताच तुकडे खाली पडतात. मराठवाड्यातल्या वाचनालयांच्या आरंभकाळची पुस्तके आणि तिथल्या तेव्हाच्या नियतकालिकांचे अंक याच कागदावरचे. घर बदलताना ती रद्दीत किलोवर जातात. पोथीला हात लावू न देणारा वारस ही पुस्तके मात्र स्वतःच्या हाताने तराजूवर ठेवतो, हे संग्राहकाने बोलून दाखवले तर चुकीचे ठरणार नाही. संग्राहकाने रद्दीच्या दुकानात घालवलेला वेळ पोथ्यांमागे घालवलेल्या वेळापेक्षा अधिक फळतो, तोही याच कारणाने.

उर्दू आणि मोडीचे साठे सर्वांत उपेक्षित. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. जमीन, इनाम, न्याय, शिक्षण यांची जिल्ह्यातली कागदपत्रे त्यामुळे उर्दूत आहेत. बीडचा इतिहासही त्या भाषेत लिहिला गेला. काझी मुहम्मद कुतुबुल्ला यांची ‘तारीख-ए-बीर’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. मराठी संग्राहक पोथी पाहतो, मोडी चाळतो, आणि उर्दू दिसली की रुमाल परत बांधतो. उर्दू जाणणारे घर मोडीच्या बाबतीत तेच करते. दोन्हीकडचा कागद शेवटी एकाच रद्दीवाल्याकडे पोचतो.

वारस : आमच्याकडच्या मोडी रुमालात काय आहे ते आम्हालाही वाचता येत नाही.

संग्राहक : मग ठेवता कशाला?

वारस : वडिलांनी ठेवले म्हणून. तुम्हाला ते हसण्यासारखे वाटत असेल, पण तेवढ्या कारणाने ते आज आहेत.

पैशाचा आणि कायद्याचा विषय दोघेही शेवटाला ढकलतात. पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेले, किमान ७५ वर्षांचे हस्तलिखित ‘पुराणवस्तू’ ठरते. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. देशात एका घराने दुसऱ्याला ते द्यायला मात्र या कायद्याची मनाई नाही. चित्रे असलेल्या पोथीला गिऱ्हाईक पटकन मिळते, आणि म्हणूनच चित्रांची पाने सुटी करून विकण्याचा वाईट धंदा चालतो. नुसत्या ओव्यांच्या पोथीला बाजारात फारसा भाव नाही. वारसाने ती विकण्यात त्याचा मोठा फायदा नसतो, आणि संग्राहकाने ती घेण्यात, तो प्रामाणिक असेल तर, पैशाचा लाभ नसतो. छापील ग्रंथांबद्दल आणखी एक सोय आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा काढून वाटायला कायद्याची आडकाठी उरत नाही.

प्रतिमा काढण्याच्या मुद्द्यावर दोघे सर्वांत जवळ येतात. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ योजना आली, आणि देशभरातल्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंद आणि जतन हे तिचे उद्दिष्ट ठेवले गेले. पोथी न हलवता घरातच तिचे चित्रण करता येते. त्यासाठी वरून टांगलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी सारखा थंड उजेड, मापपट्टी आणि पान उलटणारे कोरडे, स्वच्छ हात एवढे लागते. झेरॉक्सच्या काचेवर पोथी उपडी दाबण्याचा जमाना गेला. पान सरळ करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. शंभर वर्षे वळलेला कागद एका दाबात मोडतो.

वारसाच्या अटी तीन. चित्रण घरात, घरच्या माणसासमोर व्हावे. प्रतिमांचा एक संच अंबाजोगाईला किंवा बीडला, गावातल्या माणसाला पाहता येईल असा राहावा. नोंदीत घराण्याचे नाव यावे. संग्राहक तिन्ही मान्य करतो आणि आपली एकच अट घालतो. नोंद पूर्ण हवी. ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, माप, लिपी, लेखनाचा शक, लिहिणाऱ्याचे नाव, पोथी ज्या गावी ज्या घरी आहे ते ठिकाण, आणि त्याच बासनात बांधलेल्या इतर पोथ्यांची यादी. बासनातले शेजारही नोंदवायचे, ही गोष्ट मुकुंदराजांच्या वादाने शिकवलेली.

मतभेद उरतो तो सगळ्या प्रतिमा सर्वांना खुल्या करण्याबद्दल. उपासनेचे, मंत्राचे, दीक्षेचे ग्रंथ जालावर जाऊ नयेत, असे वारसाचे म्हणणे. संग्राहकाला अपवाद केले की सगळेच अपवाद होतील अशी भीती वाटते. सध्या दोघे इथवर येतात की अशा ग्रंथांची नोंद सूचीत असावी, आतले पान नसावे, आणि ज्याला ते पाहायचे आहे त्याने घरी यावे, आंघोळ करून.

संग्राहकाला शेवटची अट जाचक वाटते. वारस तिच्यावर अडून आहे.